खडकचं गाणं, माझं वाइंडिंग

मेलेला स्पीकर टेबलावर आला की मालक आधी स्वतःची बाजू मांडतो. "मिस्त्री, आवाज निम्म्यावरच हुता, देवाशपथ." मी ब्लेडने मधली टोपी कापतो, कोन उचलतो आणि कॉइल बाहेर काढून उजेडात धरतो. कॉइलला शपथ घालावी लागत नाही. नगरात एकतीस वर्षं मी जळलेले, फाटलेले, भिजलेले स्पीकर दुरुस्त केले, आणि त्या काळात निम्म्या आवाजावर मेलेला एकही स्पीकर मला भेटला नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना थोडं सांगतो. स्पीकरमध्ये एक जाडजूड लोहचुंबक असतं. त्याच्या मधल्या फटीत तांब्याच्या तारेची गुंडाळी वर-खाली नाचते, ती कॉइल. मोठ्या स्पीकरची कॉइल कपाच्या तोंडाएवढी असते. तिला कागदाचा कोन चिकटवलेला असतो. कॉइल हलली की कोन हलतो, कोन हलला की हवा हलते आणि हवा हलली की नवरदेवाचा मामा हलतो. बाकी सगळं या तीन हलण्यांच्या मधलं आहे. तार गुंडाळणं, तिला गोंद लावणं, भट्टीत भाजून तो गोंद पक्का करणं, मग कोन बसवणं, हे माझं काम. आम्ही त्याला वाइंडिंग म्हणतो.

स्पीकर मरतो तो बहुतेक दोन प्रकारांनी. एक जळून. ॲम्प्लिफायरच्या ताकदीबाहेर आवाज चढवला की तार तापते आणि तिच्यावरचं वार्निश काळं ठिक्कर पडतं. हा हव्यासाचा मृत्यू, आणि माझं घर मुख्यतः त्याच्यावरच चाललं. दुसरा प्रकार आपटून. फार खोल सूर आला तर कोन मर्यादा सोडून पुढे-मागे धावतो, कॉइल तळाच्या लोखंडावर आपटते आणि तिची खालची कड चेंगरते. असं क्वचित होतं. म्हणजे होत असे. मग एका हंगामात पंधरा दिवसांत सात स्पीकर आले, चार वेगवेगळ्या साउंडवाल्यांचे, आणि सातही आपटून मेलेले. एकाचंही वार्निश काळं नव्हतं.

मी चौघांनाही एकच विचारलं, "मरताना काय वाजत होतं?"

चौघांनीही एकच उत्तर दिलं. खडक.

आता इथे मला माझं अज्ञान कबूल केलं पाहिजे. तोवर गाण्यांकडे मी स्पीकर तपासायचं साधन म्हणून बघत होतो. डीजे म्हणजे सिनेमाची गाणी मोठ्याने वाजवणं, अशी माझीही तुमच्यासारखीच समजूत होती. पण त्याच्या खाली एक वेगळंच जग आहे. गावागावांत माणसं घरात बसून कॉम्प्युटरवर नाचाचं संगीत तयार करतात. त्यात गायक नसतो, सिनेमा नसतो, कंपनी नसते. हलगीचा एक ठोका घेऊन त्याचे चाळीस तुकडे करतात, त्याखाली बेस, म्हणजे खोल सूर, घालतात, असं बरंच काही. नवीन गाणं तयार झालं की ते लगेच जगाला देत नाहीत. एक हंगामभर एक-दोन साउंडवाल्यांकडेच ठेवतात, तोवर ते 'अनरिलीज'. ते रस्त्यावर वाजून लोकांना पटलं की मग हंगामानंतर इंटरनेटवर रिलीज. रस्त्यावर न वाजलेल्या गाण्याच्या रिलीजला कुत्रंही विचारत नाही. आणि कुणी चोरू नये म्हणून गाण्यात मध्ये मध्ये आपल्या नावाची आरोळी घालतात, तिला टॅग म्हणतात.

खडक हे असंच एका गाणं करणाऱ्याचं नाव. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याच्या टॅगमध्ये आरोळीही नव्हती. फक्त पत्र्याचं काहीतरी फरशीवर पडून गोल गोल फिरत शांत होतं, तेवढंच. साउंडवाल्यांमध्ये त्यावर पैजा लागत. कुणी म्हणे थाळी, कुणी म्हणे मंदिरातली घंटा.

त्या चौघांत नेवाशाकडचे दत्तूशेठ होते. बारा बेसची, म्हणजे खोल आवाजाच्या बारा मोठ्या स्पीकरांची गाडी, गळ्यात साखळी, आणि मन लहान मुलाचं. त्यांचे तीन स्पीकर मेले होते. त्यांनी साउंडवाल्यांच्या मोबाईल ग्रुपवर आवाजी संदेश टाकला, तो मलाही ऐकवला. "खडकचं गानं कुनी लावू नका. त्यो मानूस स्पीकर खातो." ग्रुपात जिल्ह्यातले सगळे साउंडवाले. एका दिवसात खडकचं दाणापाणी बंद.

खडकच्या फाइल ज्या नंबरवरून यायच्या, पण ज्यावर कधी कुणी बोललं नव्हतं, तो मी दत्तूशेठकडून घेतला आणि चांगली हजामत करायची म्हणून फोन लावला. पलीकडून बाईचा आवाज आला. मागे माणसांचा गलका होता.

"खडक आहेत का?" मी विचारलं.

"मीच हाय. जरा थांबता का? फॅट लावतीय."

पाच मिनिटं मी फोन कानाला धरून 'तीन-आठ, चार-एक' असले आकडे ऐकत बसलो. पारनेरच्या पठारावरच्या एका गावात दूध संकलन केंद्र होतं आणि ही अर्चना तिथे दुधाचं फॅट तपासायची. वय पस्तिशीच्या आतबाहेर. नवरा दुधाचा टेम्पो चालवायचा. सकाळचं दूध गेलं की संध्याकाळचं येईपर्यंत केंद्रात कुणी नसे, त्या दुपारच्या चार तासांत ती जुन्या लॅपटॉपवर गाणी करायची. सात स्पीकर मेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. मी सांगितल्यावर तिने आधी ते स्पीकर कुणाकुणाचे ते विचारून घेतलं. हजामत राहिली बाजूला. मी म्हणालो, "नगरला याल तेव्हा दुकानात या. काय झालंय ते दाखवतो."

पुढच्या बुधवारी दुपारी ती आली. सासूबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात आणायचं होतं, म्हणून त्याही सोबत. डोळ्यात औषध घातलेलं, त्यामुळे म्हातारी स्टुलावर डोळे मिटूनच बसली. मी अर्चनाला चेंगरलेल्या सात कॉइल ओळीने दाखवल्या. तिने एकेक हातात घेतली, कडेवरून बोट फिरवलं.

"हे माझ्या गान्यानं?"

"तुमच्या गाण्यात तळाला काय आहे?"

"टाकीचा आवाज." दूध गार करायची टाकी असते, तिच्या कॉम्प्रेसरची घरघर तिने मोबाईलवर घेतली होती आणि कॉम्प्युटरमध्ये खाली खाली उतरवत नेली होती. "पन ते मला ऐकूच येईना वो. स्क्रीनवर दिसतंय, कानाला न्हाई. म्हनून मग अजून वाढवलं. तरी येईना. अजून वाढवलं."

"कशावर ऐकता?"

तिने पिशवीतून इअरफोन काढले. मोबाईलबरोबर फुकट मिळतात ते. एका बाजूला चिकटपट्टी.

मी कपाळाला हात लावला. त्या दोन शेंगदाण्यांएवढ्या स्पीकरांतून तो सूर सात जन्मांत ऐकू आला नसता. आणि ऐकू येत नाही म्हणून बाई तो वाढवतच गेलेली. उभा जिल्हा जिच्या गाण्यावर नाचला, तिने स्वतःचं गाणं एकदाही पुरतं ऐकलेलं नव्हतं. मिरवणुकीत जायला वेळ नाही, त्या वेळी गावात दूध येतं.

मी अठरा इंची स्पीकर पेटीत बसवला, आवाज अगदी कमी ठेवला आणि खडक लावलं. आधी ते पत्र्याचं काहीतरी पडलं. मला तेव्हा कळलं की ते दुधाच्या कॅनचं झाकण आहे, आणि एवढ्या पैजा लावणारे आम्ही सगळे सकाळ-संध्याकाळ दूध पिणारे. मग हलगी आली, आणि मग तळातून तो सूर आला. टेबलावरचे स्क्रू सरकायला लागले. अर्चनाने पुढे होऊन कोनावर अलगद तळवा ठेवला. कोन श्वास घेतल्यासारखा हलत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "आगं आर्चे, ही तर आपली टाकी हाय. हितं कशी आली?"

त्या दिवशी मी त्या बाईचा भक्त झालो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मग तिने सांगितलं की तिची सहा नवीन गाणी तयार होती. दोन वर्षांच्या दुपारी त्यात गेल्या होत्या. येत्या यात्रांच्या हंगामात ती रस्त्यावर वाजायची आणि पुढे रिलीज व्हायची. पण आता ग्रुपवर तो संदेश फिरलेला. कुणी लावणारच नाही. "नाव बदलून देऊ का?" तिने विचारलं, आणि लगेच स्वतःच म्हणाली, "न्हाई. मंग ती माझी कशी?"

मी म्हणालो, तळाचा सूर काढून टाका, प्रश्न मिटला. पोटात दुखत असेल तर जेवू नका, अशा धर्तीचा हा सल्ला. ती म्हणाली, "मिस्त्री, ते काढलं तर नुसता गोंगाट राहतो. नाचनाऱ्याला पायाखाली कायतरी लागतं का न्हाई?"

त्यानंतर पाच-सहा बुधवार ती यायची. दुपारी बाराची एसटी, चारला परत. मी कॉइल गुंडाळत असे आणि ती लॅपटॉप माझ्या स्पीकरला जोडून काम करत असे. एवढं चिवट काम मी माझ्या धंद्यातही कमी पाहिलं. एका ठोक्यासाठी दीड तास. मी तिला सांगायचो, हा सूर या पेटीला झेपणार नाही, कोन बघा किती धावतोय. ती सूर जरा वर घ्यायची, पुन्हा कोनाकडे बघायची. शेवटी तिने जे केलं ते मला अजून नीट समजावून सांगता येत नाही. तो सूर तिने सलग ठेवलाच नाही. तोडून तोडून ठेवला, मध्ये मध्ये मोकळी जागा. पण ऐकताना वाटतं तो चालूच आहे, कारण आपलं अंगच तो पुढे धरून ठेवतं. स्पीकरला विश्रांती मिळते आणि माणसाला मिळत नाही. शाळेत ती बारावीपर्यंत, हे कुठे शिकली म्हणून विचारलं तर म्हणाली, "टाकीबी बंद पडती ना मधून मधून. आपल्याला वाटतं चालूच हाय."

या आवाजाविषयी लोक काय बोलतात ते मला माहीत आहे, आणि त्यातलं बरंचसं खरं आहे. माझा उजवा कान आता फक्त शोभेला आहे, त्यात रातकिडे राहतात. आजारी माणसाच्या दारात बारा बेस उभे करणाऱ्यांचे स्पीकर मी दुरुस्त करून दिले आणि त्यावर पोरींची शिक्षणं केली. ते ओझं मी नाकारत नाही. पण अर्चनाचं गाणं मी माझ्या दुकानात बारीक आवाजात ऐकलं आहे, आणि ते बारीक आवाजातही मोठंच होतं.

दत्तूशेठना पटवणं सोपं नव्हतं. मी म्हणालो, "तुमचे बाराही स्पीकर मी नव्याने वाइंड करतो. त्यावर खडकचं नवीन गाणं लावा. कॉइल आपटली तर जबाबदारी माझी."

"आन् गेला तर?"

"गेला तर ग्रुपवर काय टाकायचं ते टाका. मी पुन्हा बोलणार नाही, ती पुन्हा कुणाला फाइल देणार नाही." हे मी तिला न विचारता बोललो. नंतर तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. लटकत ऱ्हान्यापरीस बरं."

मिरवणूक नेवाशाकडच्या एका गावात, दुपारी तीनची. अर्चनाने त्या दिवशी केंद्रावर जावेला बसवलं आणि नवऱ्याबरोबर दुधाच्या टेम्पोतून आली. गर्दीच्या कडेला टेम्पोच्या पायरीवर उभी राहिली. तिच्याकडे बघून कुणालाही वाटावं की बाई एसटीची वाट बघते आहे.

झाकण पडलं. गर्दीतल्या जाणत्यांनी माना वर केल्या, खडक! मग हलगी, आणि मग जमिनीतून तो सूर. मी इतक्या मिरवणुकी पाहिल्या, पण माणसं अशी एकदम हलताना पाहिली नाहीत. पोरं नाचत होती ते सोडा. रसवंतीवाल्याने चरक थांबवला आणि उसाचं कांडं हातात धरून तालावर मान डोलवायला लागला. दत्तूशेठ गाडीवरून माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडत होते. अर्चना हलत नव्हती. ती फक्त माणसांचे पाय बघत होती.

तासभर सगळं छान चाललं. चौथं गाणं सुरू असताना डाव्या हाताचा एक बेस घर्रर्र करून गप्प झाला.

दत्तूशेठनी संगीत बंद केलं. खाली उतरून ते सरळ माझ्यासमोर आले. रागावलेले नव्हते, हिरमुसले होते, आणि ते जास्त वाईट. "मिस्त्री, मी म्हनलं हुतं. स्पीकर खातो त्यो मानूस." खिशातून मोबाईल काढून त्यांनी ग्रुप उघडला. बाकीच्या तिघांपैकी दोन साउंडवाले मुद्दाम बघायला आले होते, तेही भोवती जमले. अर्चना टेम्पोवरून उतरून मागे येऊन उभी राहिली. खडक म्हणजे हीच, हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "थांबा. आधी उघडू दे."

स्पीकर पेटीतून काढून गाडीच्या फाळक्यावर ठेवला. टोपी कापली, कोन कापून उचलला, कॉइल उजेडात धरली.

वार्निश काळं नव्हतं. खालची कडही चेंगरलेली नव्हती, नव्या नाण्यासारखी साफ होती. तारेचे वेढे मात्र मनगटावरून बांगडी ओघळावी तसे एका बाजूला ओघळले होते आणि फटीत घासून तुटले होते. गोंदाने तार सोडली होती. मी नखाने तो गोंद दाबून पाहिला. मऊ लागला.

मग मला आठवलं. शेवटची कॉइल भट्टीत असताना वीज गेली होती. आली तेव्हा तास उलटून गेला होता. गेलेला तास भट्टीत वाढवून द्यायचा असतो, हे मी एकतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं. पण दारात दत्तूशेठची माणसं टेम्पो घेऊन उभी होती, आणि मी मनात म्हणालो, माझ्या हातची कॉइल आहे, चालतंय.

कॉइल माझ्या हातात होती आणि ती वाचता येणारा त्या गर्दीत मी एकटा होतो. "गाणंच जड आहे," एवढे तीन शब्द पुरले असते. सगळ्यांनी मान डोलावली असती. नगर जिल्ह्यात माझ्या वाइंडिंगची शपथ घेतात, आणि मला ते आवडतं, हे मी लपवत नाही. दोन-चार श्वास मी गप्प राहिलो. तेवढं गप्प राहिल्याचीही मला आज लाज वाटते.

मागून अर्चना हळूच म्हणाली, "माझ्यामुळं गेला का, मिस्त्री?"

सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. दत्तूशेठनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "तुमच्यामुळं कसा जाईल, ताई? तुमी कोन?"

"मी खडक."

मी कॉइल दत्तूशेठच्या हातात दिली आणि त्यांचं बोट धरून गोंदावर ठेवलं. "हा गोंद कच्चा आहे, शेठ. मी भट्टीतून लवकर काढला. यांच्या गाण्याने एकाही कॉइलच्या कडेला ओरखडासुद्धा आलेला नाही, पाहिजे तर बाकीचे अकरा उघडून दाखवतो. हा माझ्या हाताने मेला. तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका."

दत्तूशेठनी गोंद पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. मग कॉइल मला परत केली, गाडीवर चढले आणि त्या बेसची वायर काढून टाकली. अकरावर चौथं गाणं पहिल्यापासून सुरू झालं. अर्चनाचा नवरा तिला ओढत पुढे घेऊन गेला, आणि पहिल्यांदाच ती माणसांच्या मधोमध उभी राहिली.

ग्रुपवरचा संदेश मला संध्याकाळी आला. या खेपेला दत्तूशेठनी बोलण्याऐवजी लिहिलं होतं: "खडक बिनधास वाजवा. मिस्त्रीच्या हातचे स्पीकर तेवढे तपासून घ्या."

अर्चना त्या ग्रुपात नव्हती. मीच तो तिला पुढे पाठवला.